गिनीपिगला ‘कुठलाही’ पाला चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिनीपिगविषयी छोटासा लेख आला होता. लेख गोड होता, पण एका वाक्याशी मी अडखळले. घरात निवडलेल्या कुठल्याही पालेभाजीचा उरलेला पाला घातला की याचं भागतं, वेगळा खर्च नाही, अशा अर्थाचं ते वाक्य. अगदी हेच मी दोन वर्षांपूर्वी शेजारणीला ऐकवलं होतं. पुढे काय झालं ते कळवावं म्हणून हे पत्र.

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. रोज साठ-सत्तर डबे जातात. पहाटे कल्याणच्या बाजारातून भाजी येते आणि सातच्या आत आम्ही तिघीजणी खाली बसून पंचवीसेक जुड्या निवडतो. निवडून झालं की मागे ढीग उरतो: पालकाची देठं, माठाचे जून शेंडे, फ्लॉवरची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला. लेकीनं लाडू आणि करंजी ही जोडी घरी आणली तेव्हा (दिवाळीत आणली, म्हणून ही नावं) मला वाटलं, चला, या ढिगाला गिऱ्हाईक मिळालं. दुकानदारानं सांगितलं होतं, ‘ससा नि हा एकच, हिरवं काहीही टाका,’ आणि सोबत सशाच्या खाद्याची पिशवी दिली होती.

ससा नि हा एकच नाही. सशाच्या शरीरात क जीवनसत्त्व आपलं आपण तयार होतं, गिनीपिगच्या होत नाही. या एका बाबतीत तो आपल्या पंगतीला बसणारा प्राणी. लेक तेव्हा बारावीला होती, तिनंच मला सांगितलं की १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवून पाहिलं, तर त्यांना खलाशांना व्हायचा तोच स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार झाला. त्या बिचाऱ्यांच्या जिवावर आपल्याला हे जीवनसत्त्व कळलं, आणि आपण त्यांनाच सशाचं खाद्य घालतो. सशाच्या खाद्यात ते वेगळं घालायची गरज नसते, म्हणून घातलेलं नसतं.

आता करंजीचं. सात-आठ महिने दोघं तो ढीग फस्त करत होती. फ्रीजचं दार उघडलं की अशा शिट्ट्या मारायची, की फोनवर ऑर्डर घेणं मुश्कील. मग पिंजऱ्यातल्या दुपट्यावर लघवी सुकली की पांढरी भुकटी दिसायला लागली. मी आपली झटकून धुवायला टाकायची. पुढे करंजी लघवी करताना ओरडायला लागली, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसायची, आणि एके दिवशी दुपट्यावर लाल डाग. जवळपासचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचे, त्यांनी सरळ ठाण्याला जा म्हणून सांगितलं. तिथे एक्स-रेमध्ये मूत्राशयात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र खडा. तो कॅल्शियम कार्बोनेटचा निघाला, म्हणजे फळ्यावरच्या खडूचा चुलतभाऊ. ऑपरेशन झालं, करंजी वाचली. बिलाचा आकडा सांगत नाही, पण ‘वेगळा खर्च नाही’ हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय.

डॉक्टरांनी हेही सांगितलं की खडा निव्वळ खाण्यामुळेच झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पाणी कमी पडणं, हालचाल नसणं, त्या जनावराची प्रकृती, सगळंच त्यात येतं. पण आपण जादा कॅल्शियम बरंचसं पचनातच सोडून देतो, गिनीपिग ते रक्तात घेतो आणि लघवीवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे फ्लॉवरची पानं, शेवग्याचा पाला, माठ असं कॅल्शियमनं भरलेलं रोज घालणं म्हणजे गाळ साचायला आमंत्रण. तबेल्यावर मिळतो तो लसूणघासही (लसूण नव्हे, गुरांचा हिरवा चारा) त्यातलाच. तो पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोजचा नको.

आता भाज्या. यादी देत नाही, स्वयंपाकघराच्या हिशोबानं सांगते. अळूला आपण चिंच का घालतो? घसा खाजू नये म्हणून. पावसाळ्यात शेवळं ही रानभाजी आली की काकडं, म्हणजे ती आंबट फळं, घातल्याशिवाय कोणी शिजवतं का? या दोन्हींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या बारीक सुया असतात. गिनीपिगला कच्चंच खायचं असतं, त्याला चिंच कोण घालणार? तर अळू आणि शेवळं साफ बंद. जिभेला आंबट लागणारा चुका, अंबाडी आणि घोळ हेही नको, त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असतं. पालक आंबटही नाही आणि खाजतही नाही, म्हणून मी फसले. पण कच्चा पालक चावून बघा, दात कसे खरखरीत होतात. ते तेच. पालकाची दोन पानं कधीमधी खाल्ली म्हणून कोणी मरत नाही, रोजची मूठ मात्र नको. चाकवत आणि माठ त्याच माळेचे मणी.

रोजची म्हणून बिनघोर द्यावी अशी एकच जुडी माझ्याकडे आहे, कोथिंबीर. आम्ही देठं चटणीला ठेवायचो, आता त्यातला वाटा लाडू-करंजीचा. मेथी आठवड्यातून एक-दोनदा चार काड्या, शेपू चिमूटभर, पुदिन्याची पाच-सहा पानं, मुळ्याचा पाला क्वचित. लांब पानांचं लेट्यूस चालतं, गोल गड्ड्याचं म्हणजे नुसतं पाणी. कोबीनं पोटात वारा धरतो आणि या प्राण्याला उलटी करता येत नाही, गॅसही सहज सुटत नाही, म्हणून कोबी मी बंदच केला. कांद्याची नि लसणाची पात, बटाट्याची आणि टोमॅटोची पानं, मोड आलेला बटाटा, हे विषच समजा.

क जीवनसत्त्वासाठी मात्र पालेभाजीपेक्षा ढबू मिरची भारी. गिनीपिगला दिवसाला किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं आणि १०० ग्रॅम हिरव्या ढबू मिरचीत साधारण ८० असतं, म्हणजे पाव मिरचीत काम झालं. पाण्यात थेंब टाकायचे म्हणून बाटल्या मिळतात. मी त्या घेत नाही. उजेडात आणि पाण्यात ते जीवनसत्त्व टिकत नाही, वर चव बदलली म्हणून जनावर पाणीच पीत नाही, आणि खड्याच्या आजारात पाणी तर पोटात जायलाच हवं.

पण पाला म्हणजे तोंडीलावणं, दिवसाला वाटीभर. पान भरायचं ते सुक्या गवतानं. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात, आतडंही गवतावरच चालतं. परदेशी टिमोथी गवताची पाकिटं महाग पडतात, तरी तो खर्च मी टाळत नाही, भाजीवरचा कमी केला. पावसाळ्यात आमच्या नाक्यावरचा भुट्टेवाला कणसांची हिरवी सालं टाकून देतो, ती मी मागून आणते, धुऊन पुसून घालते. गणपतीत दूर्वांच्या जुड्या उरतात, त्याही चालतात. गंध-कुंकू लागलेल्या नकोत आणि रस्त्याकडेच्या तर नकोतच, तिथे कुत्री काय करतात ते आपण बघतोच. पावसात जुडी मधून काळी पडून चिकट झालेली असते. ती मी डब्याला वापरत नाही, मग त्यांना का घालू?

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या रविवारी त्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती टाकावी, एवढंच मागणं आहे. ‘कुठलाही पाला’ एवढे दोन शब्द काढले तरी पुरे.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. : नाव छापू नये. पालक-माठाचं वाचून गिऱ्हाईकं मला फोन करतील. माणसांनी शिजवलेला पालक खुशाल खावा, मंगळवारी आमच्याकडे डाळ-पालक असतोच.