पिशवी काढायला वाट आहे, वाचवायला नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी सेलू तालुक्यातली, वय ३३. मागच्या मंगळवारी एका सरकारी रुग्णालयाच्या खिडकीतून, गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी सरकारी योजनेत दिलेली माझी फाइल परत आली. "ताई, ही मूल न होण्याची केस आहे, योजनेत बसत नाही." खिडकीतल्या माणसानं ती उघडलीसुद्धा नाही. म्हणून त्यात काय होतं ते तुम्हाला सांगते.

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. माझी पिशवी आतून दोन भागांत आहे, हे पहिलं लेकरू दहाव्या आठवड्यात गेलं तेव्हा कळलं. रिपोर्टवर लिहून आलं, बायकॉर्न्युएट, म्हणजे दोन शिंगी. "जन्मजात आहे, काही करता येत नाही." दुसरं एकोणिसाव्या आठवड्यात गेलं. आईनं चोरओटी भरून आठ दिवसही झाले नव्हते. मुलगी होती. त्यानंतर दिवसच राहिले नाहीत. मग दोनदा टेस्ट ट्यूब केली. पहिल्या वेळी दागिने गेले, दुसऱ्या वेळी दीड एकर गहाण पडलं. इंजेक्शनं घेऊन घेऊन पोट निळं पडलं होतं. पण दोन्ही वेळा तो जुना रिपोर्टच पुढं सरकला, पिशवीचा आकार कुणी पुन्हा बघितला नाही.

या उन्हाळ्यात मराठवाडा एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी थ्रीडी सोनोग्राफी केली, वीस मिनिटांत. म्हणाल्या, पिशवी एकच आहे, मधे पडदा आहे. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आपण आईच्या पोटात असताना दोन नळ्या जुळून पिशवी तयार होते. नळ्या वरच्या बाजूला जुळल्याच नाहीत तर दोन शिंगं राहतात. जुळल्या, पण मधली भिंत विरली नाही, तर पडदा राहतो. साध्या सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसू शकतं. फरक पिशवीच्या बाहेरच्या वरच्या कडेला असतो. दोन शिंगी असेल तर तिथं खोल खाच, पडदा असेल तर कड जवळजवळ सपाट. पडदा दुर्बिणीनं, पोट न फाडता कापता येतो. दोन शिंगी पिशवीत तेच करायला गेलं तर पिशवीला भोक पडू शकतं. पिशवीत असा जन्मजात दोष असलेल्या बायकांत कधीकधी एक किडनीही नसते, म्हणून त्यांनी तीही तपासली. पडदा काढला की मूल होईलच, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. अकरा वर्षांत माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस.

साहेब, वीस मिनिटांची तपासणी आहे ही! ती आमच्याच जिल्ह्यात वेळेवर झाली असती तर माझी मुलगी कदाचित आज शाळेत गेली असती. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात एका अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं की सहा महिन्यांत थ्रीडी मशीन येईल. मी टाळ्या वाजवल्या होत्या. ते मशीन कुठं आहे? आणि आलं तर त्यावर वाचणारा शिकलेला माणूस देणार आहात का?

मला लाडकी बहीण म्हणून दरमहा १,५०० रुपये येतात. बहिणीचं लेकरू पोटात टिकत नाही, त्याचं काय? गोव्यानं २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत टेस्ट ट्यूब सुरू केली. गोवा आमच्या एका परभणी जिल्ह्यापेक्षाही लहान, आणि मराठवाड्यात आम्ही असे आठ जिल्हे आहोत. आम्हाला दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, झेंडावंदन आणि भाषण. २०२१च्या कायद्यानं टेस्ट ट्यूब केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, पण गरिबाची जमीन गहाण पडते ती दरापायी. त्या दराला लगाम कोण घालणार? सरोगसी कुणाला करता येईल, त्याच्या २०२२च्या नियमांत लहान एकशिंगी आणि टी आकाराचं गर्भाशय नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे दिल्लीच्या कागदाला पिशव्यांचे आकार माहीत आहेत. परभणीच्या खिडकीला का नाहीत?

आणि शेजारचं बीड. २०१९ मध्ये सरकारनंच विधिमंडळात सांगितलं, तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या. त्यांत किती ऊसतोडीच्या, पाळीचा खाडा नको म्हणून पिशवी गेलेल्या! माझी चुलत जाऊ त्यांतलीच, तिशीही उलटली नव्हती. मलाही एकानं सुचवलं होतं, "त्रासच आहे तर काढून टाका." मराठवाड्यातल्या बाईची पिशवी कापायला डॉक्टर मिळतो, टेबल मिळतं, उसने पैसेसुद्धा मिळतात. वाचवायची म्हटलं की फाइल परत येते. दुष्काळ आला की टँकर आणि कर्जमाफीवर बोलणारे सगळे पक्ष यावर एक शब्द बोलत नाहीत. वांझ म्हणून कुंकवाला न बोलावणारं गावही बोलत नाही. मागच्या हळदीकुंकवाला मी दारातूनच परत आले.

दर जिल्ह्याला ही तपासणी द्या. मराठवाड्यातल्या एका तरी सरकारी मेडिकल कॉलेजात टेस्ट ट्यूब केंद्र द्या. पडद्याचं ऑपरेशन वंध्यत्व म्हणून योजनेबाहेर टाकू नका, तो शरीरातला दोष आहे.

माझी पाळी १४ तारखेच्या आसपास येईल. हे ऑपरेशन पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करतात. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्याआधी उत्तर पाठवा.

आपली,
एक बाई, सेलू तालुका, जि. परभणी