पान एकेचाळीस, खालून तिसरी ओळ

पुणे, २२ जून

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहिलंय म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे आईने एव्हाना ओळखलंच असेल. फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं होतं. पण फोन लागतो, मागे कुकरची शिट्टी होते, बाबा आतून “कोण गं?” विचारतात आणि मी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवून देते. म्हणून पत्र. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, पण जेवणं झाल्यावर. आणि मधलं काही गाळू नकोस. तुला ती सवय आहे.

तर, माझ्या कवितांचं पुस्तक छापून झालं. छापणार आहे असं नव्हे, झालं. तीनशे प्रती सहा खोक्यांत भरून दिवाणाखाली ठेवल्यात. प्रकाशक म्हणून नाव माझंच आणि पत्ताही याच घराचा.

पैशांचं आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. बाबा, प्रेस बंद झाल्यावर मिळालेल्या पैशांतून तुम्ही माझ्या नावाने जी एफडी केली होती, जिच्या पावतीवर पेन्सिलीने ‘अडीअडचणीला’ लिहिलंय, ती मी मोडली. सगळी नाही. चौतीस हजार दोनशे काढले, उरलेल्यांची त्याच दिवशी नवी पावती करून घेतली. ही अडीअडचण आहे का, असं तुम्ही विचाराल. नाही. पगारातून भागलं असतं का? भागलं असतं, दोन-तीन महिने ओढाताण करून. मुद्दाम त्यातूनच काढले. ते खिळ्यांचे, प्रेसमधल्या त्या शिशाच्या अक्षरांचे पैसे होते आणि ते परत अक्षरांतच जावेत असं मला वाटलं. हे कारण तुम्हाला पटणार नाही, आईला पटेल. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे वेगळे आहेत, दादाच्या आणि माझ्या मिळून, आणि त्यातल्या एका रुपयालाही हात लावलेला नाही. हे वाक्य आई, दोनदा वाच.

“आपलंच आपण छापलं तर त्याला कोण विचारतं?” हे आई मनात म्हणालीच असेल. मी काही पहिल्यांदाच स्वतःच्या खिशात हात घातला नाही. दोन ठिकाणी हस्तलिखित दिलं होतं. एकांनी आठ महिन्यांत पोचसुद्धा दिली नाही. दुसऱ्यांनी गोड बोलून चहा पाजला, कविता छान आहेत म्हणाले आणि मग पंचेचाळीस हजारांचा आकडा सांगितला. प्रती त्यांच्याकडे राहणार, मला पंचवीस मिळणार, जास्त हव्या असल्या तर विकत घ्यायच्या. पैसे आपलेच जाणार असतील तर पुस्तक तरी आपल्या दिवाणाखाली असू दे! आणि आई, मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात तू पायरीवर दमून बसली होतीस, तेव्हा बाबांनी सांगितलेलं आठवतं? ते १९०५ साली गेले आणि कवितांचं पुस्तक निघालं १९१७ साली, ह. ना. आपट्यांनी काढलं तेव्हा. हयातीत एकही नाही. मी केशवसुत नाही, ठाऊक आहे. पण मला बारा वर्षं मागे राहून वाट बघणारं कोणी हरिभाऊही नाही.

आता बाबांसाठी. डेमी साइज, शहाण्णव पानं, सोळा-सोळा पानांचे सहा फर्मे. आधी एकशे एक पानं होत होती. प्रेसवाला म्हणाला, मॅडम, पाच पानांसाठी सातवा फर्मा कशाला लावता, अकरा पानं कोरी जातील. मला एकदम तुमचाच आवाज ऐकू आला. पाच कविता काढल्या. खरं सांगू का, ज्या काढल्या त्या काढण्यासारख्याच होत्या. दोन वर्षं मला जे जमत नव्हतं ते फर्म्याने एका मिनिटात केलं. कागद सत्तर जीएसएमचा घेणार होते, पण पाठीमागची अक्षरं पुढे दिसत होती. म्हणून ऐंशीचा मॅपलिथो. पांढराफेक नको म्हटलं, थोडा पिवळसर मिळाला. तुमच्या डोळ्यांना बरा. अक्षर चौदा पॉइंट आहे, ओळींमध्ये हवा भरपूर सोडलीय. आणि ल, श आपले मराठी आहेत. पहिल्या प्रुफात सगळे हिंदी वळणाचे ल आले होते, मी चार दिवस त्या मुलाच्या डोक्याशी बसून फॉन्ट बदलायला लावला. तो बिचारा म्हणाला, वाचणाऱ्याला काय फरक पडतो? म्हटलं, माझ्या वाचणाऱ्याला पडतो.

बांधणीवरून खरी वादावादी झाली. तीनशे प्रतींना कोणी शिवत नाही, गम लावून मोकळे होतात. त्याला ते ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणतात. हे नाव ऐकून तुम्ही कसे हसला असतात ते डोळ्यांपुढे आलं. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत त्याची पानं हातात येतात. मी दोऱ्याने शिवलेली जुजबंदीच करून घेतली. प्रतीमागे नऊ रुपये जास्त गेले. पुस्तक मधोमध उघडून पालथं टेबलावर ठेवलं तरी कणा मोडत नाही, आणि मधल्या पानावर दोरा दिसतो. पांढरा. आई, तो दोरा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा प्रेसमध्येच मला भरून आलं. तुझं दाभण आठवलं.

तुम्हाला आठवतं का, मला वही कधी विकत आणलीच नव्हती चौथीपर्यंत? बाबा प्रेसमधून वाया गेलेली प्रुफं आणायचे, लग्नपत्रिकांची, सहकारी सोसायटीच्या अहवालांची. पाठकोरी. आई ती सारखी कापून, दुमडून, दाभणाने तीन भोकं पाडून शिवायची. माझी पहिली कविता कुणाच्या तरी ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या पाठीवर लिहिलेली आहे. पुढून शाई उमटायची, म्हणून माझ्या ओळींमधून वधूवरांची नावं उलटी दिसायची. आणि ती उलटी नावं मला वाचता यायची, कारण संध्याकाळी बाबा मांडीवर घेऊन खिळे जुळवायच्या स्टिकमधली उलटी ओळ वाचायला लावायचे. हातांना रॉकेलचा वास. आई ओरडायची, आधी हात धुवा, मग पोरीला घ्या. शाळेत बाईंनी फळ्यावर ‘घर’ लिहिलं तेव्हा मला ते चुकीच्या बाजूने लिहिल्यासारखं वाटलं होतं.

ती सगळी बाडं ट्रंकेत होती. २२ जुलै २०२१ ला आपल्या चिपळूणच्या पुरात ती गेली. पाणी ओसरल्यावर आपण चिखल उपसत होतो, तेव्हा ट्रंक सापडली आणि आतला लगदा बाबांनी मला बघू दिला नाही. घमेल्यात घालून तुम्ही एकटेच मागे जाऊन टाकून आलात. त्याच आठवड्यात वाचन मंदिरातली पुस्तकं तुम्ही बघून आलात, १८६४ पासूनचं वाचनालय, आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत. मला तेव्हाच ठरवायला हवं होतं. ठरवायला चार वर्षं लागली. त्यातल्या मला तोंडपाठ असलेल्या सोळा कविता या पुस्तकात आहेत. बाकीच्या वाशिष्ठीने वाचल्या असतील.

आता पुन्हा वाहून जायला वाव नाही. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यायची आणि एकेक मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत. प्रकाशक मी, म्हणून काल चारही पाकिटं मीच बांधली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, कसलं पुस्तक? मी म्हटलं, कवितांचं. त्यांनी वर बघितलं आणि शिक्का जरा हळू मारला, असं मला आपलं वाटलं. आयएसबीएनही घेतलाय. तो फुकट मिळतो, फक्त अर्ज करायचा, कागद चढवायचे आणि धीर धरायचा. मलपृष्ठावर तेरा आकडी नंबर आहे, ९७८ ने सुरू होतो. दादाला तेवढंच आवडलं. तो म्हणाला, आता खरं पुस्तक वाटतंय.

बाबा, आता जे सांगायचं टाळत मी इतकं लिहिलं, ते.

प्रुफं तुम्हाला पाठवली नाहीत. चाळीस वर्षं ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याची प्रुफं वाचली, त्याच्या मुलीच्या पुस्तकाची प्रुफं वाचली दुसऱ्याच कुणीतरी. सगळ्यांना मी सांगितलं की बाबांच्या डोळ्यांना ताण नको. ते खोटं नाही. पण तेवढंच खरंही नाही. पुस्तकात प्रेस बंद झाली त्या दिवसाची एक कविता आहे. ट्रेडल छपाईयंत्र भंगारवाल्याने नेलं आणि खिळे किलोवर मोजले, तो दिवस. तुम्ही मोरीत उभं राहून बराच वेळ हात धूत होता, ते मी दाराआडून बघितलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. ती कविता प्रुफात तुमच्यापुढे आली असती तर तुम्ही एक शब्द न बोलता ऱ्हस्व-दीर्घ तपासून परत पाठवली असतीत, आणि मी ती घाबरून काढून टाकली असती. म्हणून आधी छापली. तुमच्या रडण्याची ओळ काढलीय. हात धुण्याची ठेवलीय. राग आला तर माझ्यावर काढा, जेवणावर काढू नका.

आणि आई, देवघराच्या खणात खिळे नाहीत म्हणून तू कामवाल्या मावशींना विचारलंस, असं वहिनी म्हणाली. मी नेलेत, गणपतीला आले होते तेव्हा. त्यांची माफी माग माझ्या वतीने. बाबांनी त्या दिवशी खिशातून आणलेले ते मूठभर खिळे, पुरात कागद वाहून गेला आणि हे मात्र जागचे हलले नाहीत, शिसं ना. मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो आहे. फोटो काढणारा म्हणाला, अक्षरं उलटी दिसतात, फिरवून सुलटी करू का? मी नाही म्हटलं. बाबा सरळच वाचतील.

मोठ्या काकूला सांग की ‘सामायिक मोरी’ ही कविता तिच्यावर नाही. थोडी आहे, पण सांगू नकोस. पाटल्यांची गोष्ट मी कुठेही घातलेली नाही, शप्पथ.

समारंभ नाही. हॉलचं भाडं, शाल, श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, ह्यात आणखी एक पुस्तक निघालं असतं. पाच तारखेला शनिवारी मी चाळीस प्रती घेऊन येते. आईने देवापुढे एक प्रत ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, झालं प्रकाशन. फार तर खोबऱ्याच्या वड्या कर. दोन प्रती वाचन मंदिराला द्यायच्या, पण वरच्या कपाटात ठेवा म्हणून सांगायचं.

आता नीट ऐका. ऑपरेशन नऊ जुलैलाच होणार. पावसाळ्यात डोळ्याचं करत नाहीत, हे नानांच्या वेळचं झालं. डॉक्टरांना मी दोनदा विचारलंय. मी आठवडाभर राहणार आहे, रजा मंजूर आहे, त्यामुळे “तुझी नोकरी” हा विषय काढायचा नाही. थेंब वेळच्या वेळी, कागदावर लिहिलेत तसे. डोक्यावरून आंघोळ नाही. वाकून बादली उचलायची नाही, विहिरीवर जायचं नाही, आणि पाणी चढतंय का बघायला शिवनदीवर तर अजिबात नाही. दादा बघेल. लागणारी कागदपत्रं, औषधं आणि बाबांचा चष्मा आतापासूनच माळ्यावर. आई, तुझी गुडघ्याची गोळी तू अर्धी करून घेतेस, हे मला कळलंय.

आणखी एक. पुस्तक हातात आलं की बाबा पहिल्यांदा चूक शोधणार, म्हणून मीच सांगते. पान ४१, खालून तिसरी ओळ. ‘केसमध्ये खिळे झोपले होते’ असं हवं होतं, तिथे ‘खळे झोपले होते’ असं छापलंय. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या पडल्या. तेवीस ठिकाणी पकडल्या, ही राहिली. खळे हाही शब्दच आहे, म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटला. तीनशेच्या तीनशे प्रतींत आहे. तुमच्या खिळ्यांच्याही वेलांट्या मोडायच्या ना? तुम्ही असतात तर सुटला नसता, हे मला शाई वाळायच्या आत कळलं होतं.

आणते त्या चाळीस प्रतींत ती वेलांटी तुम्हीच हाताने घाला. घाई नाही. लाल पेन मी आईकडे देणार आहे आणि थेंब संपेपर्यंत ती ते देणार नाही.

तुमची,
छोटी

ता. क. आमसुलं अजून आहेत, पाठवू नका. कुळथाचं पीठ संपलंय.