श्रेयनामावलीत नसलेल्या दादांना

दादा,
नमस्कार.

आमच्या गाण्याच्या व्हिडिओच्या शेवटी तुम्ही तुमचं नाव घालू दिलं नाहीत. ‘मी काय केलं? खुर्चीवर तर बसलो होतो,’ म्हणालात. तेव्हा प्रोजेक्ट जमा करायची घाई होती, वाद घालायला वेळ नव्हता. आता आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. नाव इथेही घेत नाही, पण एडिट रूममध्ये जो कुणी दोन तास बसलाय त्याला तुम्ही कोण ते लगेच कळेल.

पहिल्या दिवशी मी हार्ड डिस्क छातीशी धरून आले होते, आठवतं? वर्गमित्राचं ४ मिनिटं १० सेकंदांचं गाणं, नीट स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं, आणि आमचं दोन दिवसांचं फुटेज. आता नुसतं जोडायचं राहिलंय अशी माझी समजूत. चार तास क्लिप पुढे-मागे सरकवत होते. मुखड्याची पहिली ओळ जुळली की दुसरी सुटायची. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. शेवटी तुम्ही शेजारच्या मशीनवरून मान वळवून विचारलंत, ‘शूटच्या वेळी गाणं कशावर लावलं होतं?’

गाणं लावलंच नव्हतं. त्याला पाठ होतं, तो गात होता, आम्ही शूट करत होतो. वर कॅमेऱ्याचा माइकही मी बंद ठेवला होता. आवाज स्टुडिओतलाच वापरायचा, मग कॅमेऱ्यातला कशाला? तुम्ही हसला नाहीत. (महिन्याभराने हसलात, तेही पोट धरून. ते मी विसरलेले नाही.) तीन टेक एकाखाली एक लावून तीच ओळ दाखवलीत. प्रत्येक टेकमध्ये ती वेगळ्या सेकंदाला संपत होती. ‘हे एक गाणं नाही गं, ही तीन गाणी आहेत,’ एवढंच म्हणालात आणि आपल्या कामाला लागलात.

पुन्हा शूट करायचं हे टीमला सांगणं फार जड गेलं. पण त्या रविवारी तुम्ही स्वतः आलात आणि दिवसभर एकच काम केलंत, स्पीकरवर गाणं लावायचं आणि थांबवायचं. गाण्याच्या आधी चार टिकटिक जोडून आणल्या होत्यात, म्हणजे गाणाऱ्याला नेमकं कधी तोंड उघडायचं ते कळावं. स्पीकर त्याच्या पायाशी. कॅमेऱ्याचा माइक चालू. ‘हा आवाज ऐकायचा नसतो, जुळवायचा असतो,’ हे तुमचं वाक्य आता मी ज्युनिअर्सना माझं म्हणून ऐकवते. प्रत्येक अँगलने गाणं अख्खं, मुखड्यापासून शेवटापर्यंत. ट्यूबलाइटखाली चित्रात काळ्या पट्ट्या सरकत होत्या, तुम्ही कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदावरून १/५० वर आणलंत आणि त्या थांबल्या. कारण घरी जाऊन वाचलं: ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभरदा मिचकते, आणि १/५० मध्ये त्यातल्या बरोबर दोन मिचक्या बसतात.

मग तो अंतऱ्याचा स्लो मोशन. मी म्हटलं होतं, शूट करू आणि नंतर हळू करू. तुम्ही गाणं दुप्पट वेगाने लावलंत! तो बिचारा उंदरासारख्या चिरक्या आवाजावर तोंड हलवतोय, आम्ही सगळे जमिनीवर लोळतोय, आणि तुम्ही शांतपणे ‘अजून एकदा’. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० चित्रं, टिपत होता. ते फुटेज एडिटमध्ये सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने सोडलं तेव्हा त्याचे केस, ओढणी, उडालेली धूळ सगळं संथ झालं आणि ओठ मात्र मूळ गाण्याशी अक्षरन् अक्षर जुळले. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. अजूनही तो शॉट लागला की माझं काम थांबतं.

एक तक्रार मात्र आहे. कार्डावरचं सगळं दोन वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय तुम्ही कार्ड पुसू दिलं नाहीत, हे ठीक. पण एकूण एक क्लिपला नाव दिल्याशिवाय कटला हात लावू दिला नाहीत तो दिवस मला अजून छळतो. (त्याचा उपयोग झाला. पण तक्रार आहे.)

फोनवरचं फुटेज सुरुवातीला जुळून तिसऱ्या मिनिटाला मागे पडत होतं, तेही तुम्हीच ओळखलंत. फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला फ्रेम टिपायचा वेग, स्थिर नव्हता. आधी तो स्थिर करून घेतला, मग बसलं.

माझ्या पहिल्या कटबद्दल जरा जास्त लिहिते. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची. मी प्रत्येक मात्रेवर कट मारला होता आणि त्याचा मला अभिमान होता. २५ फ्रेमच्या हिशोबात एक मात्रा साडेबारा फ्रेमची, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही, म्हणून मी रात्री दोन वाजेपर्यंत कुठे बारा, कुठे तेरा असं करत बसले होते. तुम्ही दीड मिनिट पाहिलंत आणि म्हणालात, ‘गाण्यात तबला आहेच की. तू परत कशाला वाजवतेस?’ मग आवाज बंद करून तोच भाग मला एकटीला पाहायला लावलात. चेहरा दिसायच्या आत जात होता. श्वास घेतलेला दिसत नव्हता. त्या रात्री मी अर्ध्याहून जास्त कट काढून टाकले. काही समेवर राहू दिले, काही समेच्या दोन फ्रेम आधी सरकवले, आणि दुसऱ्या अंतऱ्यात एक शॉट पूर्ण ११ सेकंद तसाच सोडला.

या सगळ्यात तुम्ही एकदाही माउसला हात लावला नाहीत. दहा सेकंदांत होणारं काम मी वीस मिनिटं चाचपडत करायचे आणि तुम्ही मागे चहा घेत बसायचात. तेव्हा राग यायचा. जे शिक्षक ‘सरक जरा’ म्हणून भराभर करून देतात ते मला तेव्हा जास्त प्रेमळ वाटायचे. त्यांनी करून दिलेलं मला आज एकही धड करता येत नाही.

आता कबुली. मैदानातले लाँग शॉट आम्ही २८-३० मीटरवरून घेतले होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकरचं गाणं त्या कॅमेऱ्यापर्यंत दोन फ्रेम उशिरा पोचत होतं. कॅमेऱ्यातल्या आवाजाचा वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) गाण्याच्या वेव्हफॉर्मला लावला की ओठ गाण्याच्या दोन फ्रेम पुढे पळायचे. तुम्ही सांगितल्यावर मी असे सगळे शॉट दोन दोन फ्रेम उशिरा सुरू होतील असे सरकवले. सगळे, असं मला वाटत होतं.

सभागृहात मोठ्या पडद्यावर २ मिनिटं १४ सेकंदांना एक लाँग शॉट आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी वळून शेवटच्या रांगेत पाहिलं. तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हतात. माझ्याकडे बघत होतात, दोन बोटं वर करून.

दादा, तो शॉट मी अजून सरकवलेला नाही.

तुमची,
नावं न दिलेल्या क्लिपवाली