ऑथेल्लोच्या शेवटच्या भाषणाविषयी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकावरचा तुझा निबंध काळजीपूर्वक वाचला. सेनापती ऑथेल्लोचे पत्नी डेस्डेमोनावर अतोनात प्रेम होते आणि त्या अतिरेकातूनच मत्सर उपजला, असे तू लिहिले आहेस. हा निष्कर्ष खुद्द ऑथेल्लोचाच आहे. स्वतःला भोसकून घेण्यापूर्वी तो सांगतो की, शहाणपणाने नसले तरी जिवापाड प्रेम करणारा, सहजासहजी मत्सराला बळी न पडणारा माणूस म्हणून माझी नोंद करा. निरपराध पत्नीला गुदमरवून मारणाऱ्याने स्वतःलाच दिलेले हे प्रशस्तिपत्र तू तपासल्याविना स्वीकारावेस, हे मला पटत नाही.

तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश पुन्हा सावकाश वाच. पुराव्यावाचून संशय घेणार नाही, असे बजावणारा सेनापती त्याच प्रवेशाच्या शेवटी गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो. मधल्या वेळात त्याच्या हाताखालचा, संशय पेरणारा इयागो त्याला डोळ्यांनी दिसेल असे काहीही दाखवत नाही. अर्धवट तोडलेली वाक्ये, ज्याच्याशी तो डेस्डेमोनाचे नाव जोडतो तो कॅसिओ झोपेत बरळल्याची बतावणी आणि एका रुमालाचा उल्लेख, एवढेच त्याचे भांडवल. तो रुमाल हरवतो कसा, हेही पाहा. डोके दुखते म्हणून डेस्डेमोना तो ऑथेल्लोच्या कपाळाला बांधू लागते, फार लहान आहे म्हणून तो स्वतःच दूर सारतो, रुमाल खाली पडतो आणि 'राहू दे' म्हणून तो तिला आत घेऊन जातो. नंतर इयागोची बायको एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते. चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मध्ये छापलेल्या मूळ कथेत रुमाल चोरला जातो; शेक्सपिअरने चोरी काढून टाकली आणि ज्या वस्तूसाठी पुढे खून होतो ती खुद्द ऑथेल्लोच्याच हातून खाली पाडली. एवढी जवळून घडलेली गोष्ट त्याला आठवतही नाही, कारण तोवर त्याचे सारे लक्ष इयागोच्या बोलण्याकडे लागलेले असते.

जिच्यावर संशय, तिला मात्र तो मोकळेपणाने काहीच विचारत नाही. रुमाल मागतो, पण का ते सांगत नाही. चौथ्या अंकात विचारतो ते शिवीच्या रूपात. एमिलिया तिच्या पावित्र्याची ग्वाही देते, ती तो धुडकावून लावतो. अखेरच्या रात्री डेस्डेमोना विनवते की कॅसिओला बोलावून विचारा; तोवर त्याला ठार करण्याचा हुकूम देऊन झालेला असतो. प्रेम करणारा माणूस निदान एकदा तरी विचारतो, असे मला मनापासून वाटते, आणि 'प्रेम आहे म्हणूनच संशय येतो' हे वाक्य तुझ्या वयात, कुणाच्याही तोंडून, तुला खरे वाटू नये म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून 'झुंजारराव' रचले आणि त्याच देवलांचे 'संशयकल्लोळ' आपण दोघांनी पाहिले आहे. तेथे रुमालाच्या जागी तसबीर आहे: रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि तिच्या नवऱ्याचे, फाल्गुनरावांचे डोके फिरते. संशय तितकाच निराधार, वस्तू तितकीच क्षुल्लक. पण त्या घरात नवरा-बायको एकमेकांच्या तोंडावर कडाकडा भांडतात, आरोप बोलून दाखवतात, त्यामुळे खुलासा व्हायला वाव उरतो. शिवाय फाल्गुनरावांच्या कानाशी इयागो नाही. दोन्ही नाटके शेजारी ठेवलीस तर तुझ्या निबंधाला बळ येईल.

मत्सरी माणसाला कारण लागत नाही, तो मत्सरी असतो म्हणूनच मत्सर करतो, अशा अर्थाचे एमिलिया तिसऱ्या अंकात बोलते. नाटकातले या विषयावरचे सर्वांत नेमके निदान मला तेच वाटते, आणि शेवटी सत्य बोलल्याबद्दल नवऱ्याच्या हातून मरणारीही तीच आहे. तुझ्या मसुद्यात तिचे नाव एकदाही आलेले नाही. तिच्यासाठी एक परिच्छेद लिही आणि निबंध मला पुन्हा पाठव.

तुझी,
आई