अंडी वर्षभर सारखी येत नाहीत, तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात छोट्या शेतीवर, म्हणजे घरच्या कोंबड्या आणि भाजीपाला असं जोडीनं करण्यावर अधूनमधून लेख येतात आणि ते आमच्याकडे सगळेच आवडीनं वाचतात. पण हिशोब मात्र दर वेळी तोच, इतक्या कोंबड्या, रोजची इतकी अंडी, गुणिले 365. हा गुणाकार बघून नवीन पोरं यात पडतात, मग पिसं गळायला लागली, अंडी थांबली की घाबरतात, रोग आला म्हणून औषधं आणतात आणि शेवटी चांगल्या चालत्या कोंबड्या विकून मोकळी होतात. मला याचं फार वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं गाळते, बहुतेक वेळा दिवस लहान व्हायला लागले की. नवीन पिसारा म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, तिचं खाणं तिकडे जातं आणि दोन-तीन महिने अंडी बंद किंवा अगदी तुरळक. यात आजार काही नाही. चांगलं अंड्यावर राहायला तिला 14 ते 16 तास उजेड लागतो, त्यामुळे बल्ब लावून तास भरून काढता येतात आणि मोठ्या शेडमध्ये तेच करतात, पण घरच्या छोट्या कळपाला ही विश्रांती मिळू द्यावी असं माझं ठाम मत आहे, फक्त त्या दिवसांत खाद्यात प्रोटीन कमी पडू देऊ नका.

आणि गंमत बघा, कोंबड्यांची अंडी बंद असतात तेव्हाच थंडीत कोबी, फ्लॉवर, गाजर, पालक, मटार जोरात असतात. म्हणजे एक बाजू थांबली की दुसरी उचलून धरते, या जोडधंद्याचा खरा फायदा हा आहे, पण लेखात तो कुठेच दिसत नाही कारण तिथं दोन्हीकडचे आकडे बारा महिने सारखेच धरलेले असतात!

दिवस मोठे व्हायला लागले की अंडी परत वाढतात, एखादी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसू बघते, तिला अंड्यांवर बसवली की 21 दिवसांत पिल्लं. पिल्लं काढायची ती याच वेळी, कारण तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, साधारण पाच महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात आणि पहिल्या वर्षी त्या सहसा पिसं गाळत नाहीत, म्हणजे जुन्या थांबतात तेव्हा नव्या चालू असतात. दरवर्षी थोडी तरी नवी पिल्लं वाढवा एवढं एक वाक्य कुणी लेखात घातलं असतं तर किती जणांचं पहिलं वर्ष सावरलं असतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करत न्यायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय.

सगळ्यात अवघड उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवच बनायला अडचण येते, म्हणून उन्हाळ्यातली अंडी पातळ कवचाची. कवचाच्या कॅल्शियमसाठी खाद्यात घालतात ते शिंपले नुसते वाढवून हे पूर्ण सुटत नाही, सावली, वारा आणि गार पाणी पाहिजे, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी घाला, कारण पचनाचीही उष्णता होते. तिकडे टोमॅटोची फुलं 35 डिग्रीच्या वर गळतात, कोथिंबीर लगेच फुलावर जाते, आणि पाणी तर वाफ्यालाही जास्त आणि कोंबड्यांनाही जास्त. दोन्ही बाजू एकदम ढिल्या पडतात असा वर्षातला हा एकच काळ, आणि माणूस नेमका तेव्हा खचतो.

पावसात भाजीचं काम वेलांवर ढकला, काकडी दोडका मांडवावर चढले की चिखलातली कूज वाचते. लक्ष खरं ठेवायचं ते खुराड्यातल्या भुशाच्या गादीवर. ती ओली राहिली की अमोनियाचा वास डोळ्यात जातो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते, तिला फार वेळ लागत नाही. मूठभर भुसा दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर गादी ओली, हलवा, कोरडा भुसा घाला, आणि आधी पाण्याचं भांडं कुठे गळतंय ते बघा.

जुनी गादी टाकू नका, पण ताजी वाफ्यातही नको. तिच्यात मिसळलेल्या कोंबडखतात नत्र शेणखतापेक्षा बरंच जास्त, ताजं घातलं तर रोपांची मुळं जळतात, आणि पालेभाजीला सालमोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका वेगळाच. काही ठिकाणच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत तर न कुजलेलं खत घातल्यावर मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी 120 दिवस करता येत नाही. म्हणून मी ढीग लावून, उलटून, पूर्ण कुजवूनच वापरते, आणि तो ढीग पुढच्या लावणीच्या तारखेवरून मागे मोजून आधीच लावावा लागतो.

तर विनंती एवढीच की असा लेख पुन्हा छापाल तेव्हा लेखकाला महिनावार लिहायला सांगा, अंडी कधी कमी, कुठला वाफा कधी रिकामा, पिल्लं कधी काढायची. आणि अंडी बंद असलेल्या महिन्यांतही खाद्य रोज लागतं, तो खर्च जमाखर्चात दाखवा. कुणी लिहिणारं नाही मिळालं तर मी लिहून पाठवीन.

आपली,
कोंबड्या आणि भाजीपाला करणारी एक वाचक