‘देव बघून घेईल’

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑफिसातली चूक दुसऱ्याची, कागदावर सहीही दुसऱ्याची, आणि चौकशी लावून ठपका तुझ्यावर. खुलासा मागितला तोही निर्णय आधीच झाल्यासारख्या भाषेत. हा अन्याय आहे, आणि तसं म्हणताना मी पुढे ‘पण’ जोडणार नाही. पत्राच्या शेवटी मात्र तू लिहिलंस, ‘जाऊ दे, देव बघून घेईल.’ मला त्या एका ओळीबद्दलच लिहायचंय.

आपल्या तोंडी हे वाक्य दोन तऱ्हांनी येतं. कधी दाराला कडी घातल्यासारखं: विषय संपला, मी काही करणार नाही. कधी दात-ओठ खाऊन: त्याचं वाटोळं होवो, फक्त माझ्या हातून नको. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ज्याला भरवसा म्हटलंय तो या दोन्हींत बसत नाही. तिथे फिर्याद माणसाकडेच राहते, निकाल तेवढा देवाच्या हाती जातो. तुझं नेमकं उलटं चाललंय असं मला दिसतं. फिर्याद सोडून दिलीस आणि निकाल रोज रात्री अंथरुणात पडून स्वतःच देतोयस.

ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातलं 2:23 (दुसरा अध्याय, तेविसावं वचन) उघड. ख्रिस्ताची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, यथार्थ न्याय करणाऱ्याकडे सोपवलं, असं तिथे आहे. मूळ ग्रीक क्रियापद चालू राहिलेली क्रिया दाखवतं. म्हणजे एकदा सोपवून मोकळा झाला असं नव्हे, सोपवत राहिला. त्याला कर्मही नाही. स्वतःला सोपवलं की आपला खटला, ते लिहिलेलंच नाही. ‘स्वतःला’ हा शब्द भाषांतरात अर्थ लागावा म्हणून घालावा लागतो. आणि शिष्य यहूदाने त्याला धरून दिलं, रोमी सुभेदार पिलाताने त्याला वधस्तंभावर खिळायला दिलं, तिथेही शुभवर्तमानांत, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रांत, हेच क्रियापद आहे. माणसं त्याला एका हातातून दुसऱ्या हातात देत होती, आणि तो त्याच वेळी देवाच्या हाती देत होता.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ असा, की सकाळच्या प्रार्थनेत सोपवलेलं दुपारी एका ईमेलने परत तुझ्या हातात येणार. त्यावरून विश्वास कमी पडला असं समजू नकोस. पुन्हा सोपवायचं. पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा वेळा करावं लागलं तरी त्यात लाज नाही.

आता ‘गप्प राहणं म्हणजेच सोसणं’ हा समज. आपल्याकडे तो फार मुरलाय, आणि मला त्याची चीड आहे, कारण त्याचा फायदा नेहमी अन्याय करणाऱ्यालाच होतो. त्याच प्रभूला प्रमुख याजकासमोर चपराक बसली तेव्हा त्याने विचारलं, की मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर का मारतोस? (योहान 18:23.) प्रेषित पौलाला आणि त्याच्या सोबत्याला फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय छड्या मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, सोडलंय, जा. तो गेला नाही. आम्ही रोमी नागरिक, अपराध सिद्ध न करता आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन बाहेर न्या, म्हणाला. अधिकारी आले. पुढे प्रकरण हाताबाहेर जातंय असं दिसल्यावर त्याने रोमच्या सम्राटाकडे, कैसराकडे, दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये 25:11).

रोमकरांस पत्राच्या 12:19 मध्ये ‘सूड उगवू नका’ असं लिहिणारा पौलही हाच. हे दोन्ही एकत्र कसं, ते पुढच्याच अध्यायात कळतं. सूड घेणं देवाकडे आहे असं 12:19 मध्ये म्हटलंय, आणि 13:4 मध्ये वाईट करणाऱ्याला शासन करणारा अधिकारी हा देवाचा सेवक आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत. अध्यायांची विभागणी शेकडो वर्षांनी आली, म्हणून आपण मध्ये थांबतो आणि दुवा तुटतो. लूक 18 मधली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन जे मागते, तिथेही तोच धातू आहे. तिने मागणं सोडलं नाही, हेच प्रभू उदाहरण म्हणून देतो. तेव्हा चौकशीत तुझी बाजू मांडणं हे देवावर अविश्वास दाखवणं नाही. सूड म्हणजे निकाल आणि शिक्षा दोन्ही स्वतःच देऊन टाकणं.

म्हणून आधी कामाचं. एक वही घे. पानाच्या डाव्या अर्ध्यात फक्त घडलं ते: तारीख, वेळ, कोण हजर, नेमके शब्द. शक्यतो 24 तासांच्या आत, कारण त्यानंतर आठवणीत आपला राग मिसळतो आणि ‘ते म्हणाले’च्या जागी ‘त्यांना म्हणायचं होतं’ येतं. विशेषणं नकोत. ‘मुद्दाम’, ‘कपटाने’ हे शब्द डावीकडे आले तर खोडून उजवीकडे ने. उजवा अर्धा तुझा आणि देवाचा: काय वाटलं, कुठे लागलं, त्या माणसाचं काय व्हावं असं मनात आलं. खुलासा लिहिशील तो डाव्या बाजूवरून, एका पानात. प्रार्थना उजव्या बाजूवरून. या दोन बाजू एकमेकींत मिसळल्या की दोन्ही बिघडतात. खुलासा आक्रोश होतो, म्हणून कोणी वाचत नाही. प्रार्थना वकिली होते, म्हणून आतलं दुखणं बाहेरच येत नाही.

त्याच वहीत एक पान स्वतःच्या वाट्यासाठी ठेव. पेत्र त्याच पत्रात 2:20 मध्ये रोखठोक विचारतो, की अपराध करून मार खाल्लात आणि सहन केलंत, त्यात काय मोठेपणा? तुझ्या प्रकरणात तू तो कागद न तपासता पुढे पाठवलास, हे तूच लिहिलंयस. तेवढं खुलाशात आपणहून लिही. दोन टक्के चूक कबूल केल्याने अठ्ठ्याण्णव टक्के माथी येत नाहीत. लपवली आणि नंतर सापडली तर मात्र येतात.

मत्तय 18 मधला क्रम तुला माहीत आहे: आधी एकट्याने भेट, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे. पण तो भावाने भावाविरुद्ध अपराध केला तर काय, याबद्दल आहे. समोरच्याच्या हातात तुझी नोकरी असेल, किंवा कुणाच्या बाबतीत मारहाण, छळ असं काही असेल, तर एकट्याने बंद खोलीत भेटायला जा असं हे वचन सांगत नाही. तिथे पहिल्यापासून साक्षीदार असावा, आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जावं.

आता प्रार्थना. तू लिहिलंस, शब्दच सुचत नाहीत. तेराव्या स्तोत्राची चौकट उचल. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि तो शत्रूला नव्हे, देवालाच विचारलाय: तू मला विसरणार, तू तोंड लपवणार, किती दिवस? पुढच्या दोनांत मागणी: बघ, उत्तर दे, डोळ्यांत प्रकाश आण. शेवटच्या दोनांत भरवसा. उजव्या पानावर याच क्रमाने स्वतःचे शब्द लिही, पंधरा-वीस मिनिटं, मग वही मिट. बहुतेकांचं चुकतं ते इथे: पहिला भाग लिहायची भीती वाटते, म्हणून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. ओठांवर स्तुती आणि पोटात आग, असं ते महिनोन्महिने चालतं. तिसरा भाग आला नाही तर कोरा ठेव. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजाडत नाही, आणि तरीही ते स्तोत्रांत ठेवलंय.

राग फारच असेल तर 109 वं वाच. अंगावर काटा येईल असे शाप आहेत त्यात. पण ते देवाला सांगितलेत, त्या माणसाला नव्हे. हाच फरक. (आणि कृपा करून व्हॉट्सॲप स्टेटसला न्यायाची वचनं लावू नकोस. ती कुणासाठी आहेत हे सगळ्या ऑफिसला कळतं, फक्त देवाशी त्याचा संबंध राहत नाही.)

रात्रीचा खटला बंद करणं सगळ्यात अवघड. दिवे मालवले की मनात कोर्ट भरतं, तू फर्डा बोलतोस, समोरचा निरुत्तर होतो, आणि साडेतीन वाजतात. त्या भाषणातला एखादा मुद्दा खरंच उपयोगाचा असेल तर उठून डाव्या पानावर एका ओळीत टिपून ठेव. बाकीच्याला एवढंच म्हण: ‘हे तुझ्या न्यायासनापुढे आहे, आज तहकूब.’ मोठ्याने म्हण, हसू आलं तरी.

न्याय कधी होणार, असं विचारलंयस. योसेफाचा हिशेब मांडून बघ. 17 वर्षांचा असताना त्याची गोष्ट सुरू होते, भाऊ त्याला चांदीच्या 20 नाण्यांना विकतात. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. मधल्या तेरातली शेवटची दोन वर्षं तर तुरुंगात, केवळ तिथे भेटलेला राजाचा प्यालेबरदार सुटल्यावर त्याला विसरला म्हणून गेली. आणि बघ, योसेफाने त्याला सांगितलं होतं: माझी गोष्ट फारोच्या कानावर घाल, मी काहीही केलेलं नाही. देवावर भरवसा होता आणि ओळखीच्या माणसाला शब्दही टाकला होता. मला याहून जास्त खटकतं ते पुढचं. तो तुरुंगात गेला तो त्याचा धनी पोटीफर याच्या बायकोने बळजबरीचा खोटा आरोप केला म्हणून, पण तिचा खोटेपणा उघड झाला असं उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. तो आरोप पुसल्याची नोंद नाही. योसेफाला बरंच काही मिळालं, पण त्याला हवं असेल ते हेच होतं का, कोण जाणे. तुझ्या चौकशीतही असं होऊ शकतं: काम टिकेल, बढती पुढे मिळेल, पण ‘आमचं चुकलं’ हे कुणी म्हणणार नाही. त्याची तयारी आत्ताच ठेव. देवाचा न्याय याच आयुष्यात, तुझ्या डोळ्यांदेखत, सगळ्यांसमोर पुरा होईल असं वचन मला शास्त्रात सापडत नाही. तो पुरा होईल, एवढं सापडतं. प्रकटीकरण 6:10 मध्ये तर मारले गेलेले साक्षी देवासमोर असूनही ‘कोठवर?’ असंच विचारताहेत.

क्षमेची घाई करू नकोस, आणि कुणाला करवूही देऊ नकोस. क्षमा म्हणजे परतफेडीचा हक्क सोडणं. ती तू एकटा, खोलीत बसून करू शकतोस. पुन्हा पूर्वीसारखा विश्वास टाकणं वेगळं, त्याला समोरच्याचा बदल लागतो. योसेफ भावांना पाहून लगेच गळ्यात पडला नाही. भावांपैकी शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला, भाऊ यहूदा (हा वेगळा, ख्रिस्ताचा शिष्य नव्हे) धाकट्याच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला तेव्हा कुठे त्याने ओळख दिली.

शेवटची एक गोष्ट मंडळीतल्या लोकांबद्दल. ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ हे तुला अनेकजण सांगतील. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री मुकाट्याने जमिनीवर बसले होते तोवर ठीक होतं. बोलायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देवानेच त्यांना खोटं ठरवलं. दोनच माणसं निवड, जी ऐकतात आणि पुढे सांगत नाहीत. पाळकांना सांगायचं तर प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत नाव घेऊ नका, असं आधीच सांग.

खुलाशाचा मसुदा पाठवायच्या आदल्या दिवशी मला दे. विशेषणं मी खोडतो. आणि चौकशीची तारीख कळली की लगेच कळव. त्या वेळी बाहेरच्या बाकावर मी बसलेला असेन.

तुझा,
जुना मित्र