फॉस्फेटेज घाला, पण वेळेवर थांबवा

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील जनुक क्लोनिंगवरच्या लेखात प्लाझ्मिड (जीवाणूतला डीएनएचा छोटा गोल तुकडा) कापणे आणि जनुक जोडणे नीट आले आहे, पण मधली फॉस्फेट काढण्याची पायरी राहून गेली. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांचे घोडे बहुधा तिथेच अडते.

रिस्ट्रिक्शन एन्झाइमने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमने, कापलेल्या प्लाझ्मिडच्या प्रत्येक धाग्याच्या पाच-प्राइम (सुरुवातीच्या) टोकावर फॉस्फेट असतो. डीएनएची टोके जोडणाऱ्या लायगेजला तोच लागतो. त्यामुळे एकाच एन्झाइमने कापलेला प्लाझ्मिड स्वतःशीच जुळतो आणि प्लेटवर जीवाणूंच्या रिकाम्या, म्हणजे जनुक नसलेल्या, कॉलनी माजतात. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमने हा फॉस्फेट काढला की तसे जुळणे थांबते. जनुकाच्या तुकड्यावरचा फॉस्फेट मात्र शाबूत हवा, कारण त्याच्याच जोरावर प्रत्येक सांध्यावरचा एक धागा जुळतो. दुसऱ्या धाग्यातली खाच ई. कोलाय पेशीत भरून निघते.

३,००० बेसजोड्यांचा प्लाझ्मिड १ मायक्रोग्रॅम घेतला तर साधारण १ पिकोमोल टोके होतात. त्यांना श्रिंप (कोळंबीच्या) फॉस्फेटेजचे १ युनिट, ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे पुरते. नंतर ६५ अंशांवर, उत्पादकाच्या पत्रकानुसार ५ ते १५ मिनिटे ठेवून ते निष्क्रिय करावे. ही पायरी कधीही टाळू नये. जिवंत राहिलेले फॉस्फेटेज लायगेशनमध्ये जनुकाच्या तुकड्याचाही फॉस्फेट काढते, प्लेट कोरी राहते आणि दोष बिचाऱ्या लायगेजवर जातो. ई. कोलायचे फॉस्फेटेज तर उष्णतेला दादच देत नाही. ते वापरले असेल तर फिनॉलने किंवा स्पिन कॉलमने डीएनए शुद्ध करावाच लागतो. विद्यार्थ्यांच्या हाती श्रिंपचेच द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अल्कलाइन फॉस्फेटेजला जस्त आणि मॅग्नेशियम लागते, म्हणून हे धातू बांधून ठेवणारे ईडीटीए जास्त असलेला नमुना चालत नाही. फॉस्फेट बफरही त्याला रोखतो. आणखी एक फसगत पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून मिळवलेल्या तुकड्याची. या प्रतींची सुरुवात ज्या छोट्या डीएनए धाग्याने होते, त्या साध्या प्रायमरवर पाच-प्राइम फॉस्फेट नसतो, म्हणून तुकड्यावरही नसतो. बोथट (दोन्ही धागे एकाच जागी संपणाऱ्या) टोकांचा असा तुकडा फॉस्फेट काढलेल्या प्लाझ्मिडला जुळणारच नाही. आधी त्याला फॉस्फेट जोडणारे पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज आणि फॉस्फेट पुरवणारे एटीपी द्यावे.

प्रात्यक्षिकात तीन कंट्रोल प्लेट सक्तीच्या कराव्यात: कापलेला प्लाझ्मिड लायगेजविना, कापलेला प्लाझ्मिड लायगेजसह, आणि फॉस्फेट काढलेला प्लाझ्मिड लायगेजसह, तिन्हींत जनुक नको. पहिलीवर भरपूर कॉलनी आल्या तर प्लाझ्मिड पुरता कापला गेलेला नाही. दुसरी भरलेली आणि तिसरी जवळपास रिकामी असेल, तर फॉस्फेटेजने काम केले आहे.

– रेण्वीय जीवशास्त्राचे अध्यापक, पुणे